रक्तदाबाच्या गोळ्या आणि घरची डोळस काळजी

नाशकास पंचवटीच्या अंगाला, गंगेपासून फार दूर नसलेला एक जुना वाडा आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत असलेल्या त्या घरांत माई या सर्वांत वडील. वय बहात्तर. गेल्या वर्षीं त्यांस रक्तदाबाचा विकार असल्याचें आढळून आलें व डॉक्टरांनीं रोज सकाळीं एक गोळी घ्यावयास सांगितली. महिना-दीड महिना लोटतो न लोटतो तों माईंना कोरडा खोकला लागला. कफ नाहीं, ताप नाहीं; पण घशांत सारखी खवखव, आणि रात्रीं उबळीवर उबळ. थोरल्या सूनबाईंनीं मायेनें ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला. सकाळ-संध्याकाळ पेला पेला काढा दोन महिने अखंड चालला. खोकला हटला नाहींच; उलट रक्तदाब मात्र वाढला. डॉक्टरांनीं दाब वाढलेला पाहून दुसरी, लघवी अधिक करविणारी, गोळी जोडून दिली. मग पोटऱ्यांत गोळे येऊं लागले, अंगांतील त्राण गेल्यासारखें वाटूं लागलें, रात्रीं दोन-तीनदां उठावें लागे. शेवटीं एके दिवशीं पहांटे काळारामाच्या काकड आरतीस जावयाचें म्हणून माई अंथरुणांतून झटकन उठल्या, तों डोळ्यांपुढें अंधारी आली व त्या जिन्याच्या तोंडाशींच कोसळल्या. मनगटाचें हाड मोडलें. जिन्यावरून खालीं गेल्या नाहींत, हें दैव.

यांत चूक कोणाची? डॉक्टरांची गोळी योग्य होती, सूनबाईंची माया खरी होती, आणि ज्येष्ठमध तर घरोघर असतो. तरीही तीन चांगल्या गोष्टींची सांखळी जुळून शेवटीं हाड मोडलें. कारण इतकेंच कीं, ही गोळी कोणत्या जातीची, तिचा स्वभाव काय, तिच्याबरोबर काय चालतें व काय चालत नाहीं, हें त्या घरांत कोणीं विचारलें नव्हतें. आणि काढ्याची हकीकत डॉक्टरांच्या कानांवर कोणीं घातली नव्हती. आज रक्तदाबाची गोळी घेणारें एकही माणूस ज्यांत नाहीं असें एकत्र कुटुंब विरळाच. म्हणून या विषयाचें थोडें सविस्तर विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्पगंधेची कथा

रक्तदाब मोजण्याची विद्या फार जुनी नाहीं. इटलींतील रिव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं दंडास पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीनें दाब मोजण्याची युक्ति काढली, व रशियन शल्यवैद्य कोरोत्कॉफ यांनीं १९०५ सालीं धमनींतील आवाज ऐकण्याची रीत तिला जोडली. दाब मोजतां येऊं लागला, परंतु तो उतरवितां येईना. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन निवर्तले, तेव्हां त्यांचा दाब ३००/१९० इतका नोंदला गेला होता. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या अधिपतीलाही मीठ कमी करणें व विश्रांति घेणें यांपलीकडे परिणामकारक असें फारसें कांहीं त्या काळीं देतां येत नव्हतें.

हें कुलूप उघडण्याच्या कामीं आपल्याच भूमींतील एका मुळीनें मोठें साह्य केलें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. ती मुळी म्हणजे सर्पगंधा. सह्याद्रीच्या ओलसर रानांत वाढणारें हें लहानसें झुडूप आपल्या वैद्यांस शतकानुशतकें परिचित होतें. १९३१ सालीं कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग होतो असें प्रसिद्ध केलें. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनीं मुळींतील द्रव्यें वेगळीं करण्यास आरंभ केला. पुढें मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ५० रुग्णांवर हें औषध काटेकोरपणें तपासून आपला अहवाल १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकांत छापला, आणि पाश्चात्य वैद्यकाचें लक्ष या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें तिच्यांतील रेसर्पिन हें द्रव्य निराळें करण्यांत आलें. डॉ. वकील यांस या कार्याबद्दल १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें.

परंतु या कथेचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. रेसर्पिन जगभर वापरलें जाऊं लागल्यावर तिकडून तक्रारीही येऊं लागल्या. नाक चोंदणें, सुस्ती येणें हे किरकोळ त्रास झाले. पण कांहीं रुग्णांचें मन खिन्न होऊं लागलें, कशांत रस वाटेनासा झाला. हा दोष सर्वस्वीं औषधाचाच कीं काय, याविषयीं पुढें संशोधकांत मतभेद झाले. तरी अधिक सोयीचीं औषधें निघतांच रेसर्पिन मागें पडलें. यावरून घ्यावयाचा बोध असा कीं, ज्या औषधांत गुण करण्याचें सामर्थ्य आहे, त्यांत अवगुण करण्याचेंही असतें. आणि आपल्या मातींतील मुळी एवढ्याच कारणानें ती निरुपद्रवी ठरत नाहीं. आजही झोपेसाठीं सर्पगंधेच्या गुट्या घेणारीं माणसें आहेत. रक्तदाबाच्या इतर गोळ्यांबरोबर त्या परभारें घेतल्यास दाब फाजील उतरूं शकतो, नाडी मंदावूं शकते, हें त्यांनीं लक्षांत ठेवावें.

गोळ्यांच्या जाती व त्यांचे स्वभाव

आतां आजच्या गोळ्यांकडे वळूं. बाजारांत नांवें शेंकडों असलीं तरी मुख्य जाती चार-पांचच आहेत, व प्रत्येकीचा स्वभाव निराळा आहे.

पहिली जात ‘प्रिल’ या अक्षरांनीं संपणाऱ्या नांवांची. एनालाप्रिल, रामिप्रिल इत्यादि. गंमत अशी कीं, सर्पगंधेप्रमाणेंच हिच्याही मुळाशीं सर्प आहे. ब्राझीलमधील जरराका या विषारी सापाच्या विषांत दाब उतरविण्यास साह्य करणारें द्रव्य आहे असें सर्जियो फेरेरा या शास्त्रज्ञानें १९६५ सालीं दाखविलें, व त्या धाग्यावरून तयार झालेलें कॅप्टोप्रिल १९८१ सालीं अमेरिकेंत वापरांत आलें. हृदय व मूत्रपिंड यांस हीं औषधें हितकर आहेत; परंतु पुष्कळांस त्यांपासून कोरडा, चिवट खोकला लागतो, व तो स्त्रियांत अधिक आढळतो. गोळी सुरू झाल्यावर तो कांहीं दिवसांनीं, कधीं कांहीं महिन्यांनींही उद्भवतो. माईंचा खोकला तो हाच! त्यावर काढा नको असतो. डॉक्टरांनीं गोळीची जात बदलली कीं बहुधा तो कांहीं आठवड्यांत आपोआप थांबतो. क्वचित् या गोळीनें ओठ, जीभ किंवा चेहरा सुजतो. तसें दिसल्यास पुढची गोळी न घेतां त्याच घटकेस रुग्णालय गांठावें, कारण सूज घशाकडे उतरली तर श्वास कोंडतो.

‘सार्टन’ या अक्षरांनीं संपणारी दुसरी जात, म्हणजे लोसार्टन, टेल्मिसार्टन वगैरे, हिची जवळची बहीण होय. हिच्यांत खोकल्याची खोड सहसा नसते. मात्र दोघी बहिणी रक्तांतील पोटॅशियम वाढवूं शकतात व मूत्रपिंड दुबळें असल्यास त्यावर ताण आणूं शकतात. म्हणून गोळी सुरू केल्यावर कांहीं आठवड्यांनीं, व पुढेंही डॉक्टर सांगतील तेव्हां, रक्त तपासून घेण्याचा आळस करूं नये. गर्भवतीनें या दोन्ही जातींस स्पर्शही करूं नये. गर्भास त्यांपासून गंभीर अपाय होतो. घरांत तरुण सून वा कन्या यांपैकीं गोळी घेत असेल व अपत्याचा विचार असेल, तर तें डॉक्टरांस आधींच सांगावें. गर्भवतीस चालतील अशीं औषधें निराळीं आहेत.

तिसरी जात अम्लोडिपिनची. हिच्यानें रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून कोणाचे घोटे सायंकाळीं सुजतात, कोणास चेहऱ्यावर ऊब येते, क्वचित् हिरड्या फुगतात. घोट्याची सूज पाहून ‘पाण्याची गोळी’ मागण्याची अनेकांस घाई होते. पण ही सूज अंगांत पाणी फार झाल्यानें आलेली नसल्यामुळें त्या गोळीनें ती फारशी उतरत नाहीं. मात्रा कमी करणें किंवा औषध बदलणें हाच उपाय, आणि तो डॉक्टरांनीं करावयाचा.

चौथी जात मूत्रल गोळ्यांची, जिला आपण ‘पाण्याची गोळी’ म्हणतों. ती मीठ व पाणी लघवीवाटे काढून दाब उतरविते. तिच्यानें सोडियम व पोटॅशियम घटूं शकतें. संधिवाताच्या एका प्रकारांत सांधे दुखूं शकतात. मधुमेह्याची साखर थोडी वाढूं शकते. वृद्ध माणूस एकाएकीं भ्रमिष्टासारखें बोलूं लागलें तर ‘वयच झालें’ म्हणून सोडून देऊं नये. सोडियम उतरल्यानेंही तसें होतें. डॉक्टरांची हरकत नसल्यास ही गोळी सकाळींच घ्यावी, म्हणजे रात्रीचें उठणें टळतें. या जातींतील स्पायरोनोलॅक्टोनचा स्वभाव मात्र उलट. तें पोटॅशियम वाढवितें.

पांचवी जात अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांची. हीं हृदयाची गति मंद करतात. थकवा येतो, हातपाय गार पडतात. दमेकऱ्यास त्रास होऊं शकतो. मधुमेह्याची साखर फार उतरली म्हणजे जी छाती धडधडते, ती खूण या गोळीनें झांकली जाते. घाम मात्र येतो, म्हणून दरदरून घाम आल्यास साखर तपासावी. या गोळ्या एकाएकीं बंद करणें अत्यंत धोक्याचें. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं ‘आतां दाब अगदीं ठीक आहे’ म्हणून गोळ्या आपल्याच विचारानें सोडल्या, व चार दिवसांत छातींत कळा येऊन त्यांस इस्पितळांत न्यावें लागलें. दाब ठीक असतो तो गोळीमुळें, हें ते विसरले.

स्वयंपाकघर, देवघर आणि फडताळ

आमच्या वाचकभगिनींनीं विशेष लक्ष द्यावें तें येथें; कारण औषध दुकानांतून येत असलें तरी त्याचें बरेंवाईट पुष्कळ अंशीं स्वयंपाकघरांत ठरतें.

प्रथम ज्येष्ठमध. घसा दुखतांना चार दिवस कांडी चघळणें निराळें व रोज पेलाभर काढा महिनेच्या महिने घेणें निराळें. ज्येष्ठमधांतील गोड द्रव्य मूत्रपिंडाच्या कार्यांत असा फेर पाडतें कीं, शरीरांत मीठ व पाणी सांठतें, पोटॅशियम बाहेर जातें आणि रक्तदाब चढतो. माईंच्या बाबतींत एका बाजूनें काढा दाब चढवीत होता व पोटॅशियम घालवीत होता, आणि दुसऱ्या बाजूनें पाण्याची गोळी त्या पोटॅशियमच्या नुकसानींत भर टाकीत होती. पायांतील गोळे व अशक्तपणा यांचें मूळ तेथें होतें.

दुसरें मीठ. उपासाला सैंधव चालतें, म्हणून तें दाबालाही चालतें असा समज फार रूढ आहे. तो चुकीचा आहे. सैंधवही बहुतांशीं तेंच मीठ होय. याउलट ‘कमी सोडियमचें’ म्हणून जें मीठ विकलें जातें, त्यांत सोडियमच्या जागीं पोटॅशियम घातलेलें असतें. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसास तें हितकर ठरूं शकेल. परंतु ‘प्रिल’, ‘सार्टन’ किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यानें तें डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. लोणचें, पापड, सांडगे यांवर हात आंखडणें हा उपाय मात्र सर्वांस निर्धास्तपणें सांगतां येतो.

तिसरें फळ. पाश्चात्य देशांत ग्रेपफ्रूट नांवाचें लिंबाच्या कुळांतील फळ कांहीं रक्तदाबाच्या गोळ्यांचा, विशेषतः फेलोडिपिनचा, परिणाम फाजील वाढवितें असें आढळलें आहे. नांवांतील ‘ग्रेप’मुळें आमच्या नाशिककरांनीं द्राक्षांस भिऊं नये, द्राक्षांचा या दोषाशीं संबंध नाहीं. त्या फळाचें जवळचें नातें आहे तें आपल्या पपनसाशीं. त्या जातीची गोळी घेणाऱ्यानें पपनसाविषयीं डॉक्टरांस विचारून घ्यावें.

चौथें उपासतापास. निर्जळी एकादशी ज्येष्ठांत येते. हरतालिकेस कित्येक स्त्रिया दिवसभर पाणीही घेत नाहींत. पाण्याची गोळी, पोटांत अन्न नाहीं व पाणीही नाहीं, असा त्रिवेणी संगम झाल्यावर दाब कोसळून मूर्च्छा आली तर नवल नाहीं. व्रत कोणीं करावें वा न करावें हें सांगणें आमच्याकडे नाहीं. परंतु व्रताचा दिवस डॉक्टरांस आधीं कळविणें यांत धर्माला बाध येत नाहीं. तीच गोष्ट जुलाब-उलट्यांची व वैशाखांतील उन्हाची. शरीरांतील पाणी उतरलें असतां पाण्याची गोळी, ‘प्रिल’ व ‘सार्टन’ तात्पुरतीं थांबवावीं लागतात. केव्हां व किती दिवस, तें प्रकृति चांगली असतांनाच विचारून लिहून ठेवावें.

पांचवें फडताळांतील दुखण्याच्या गोळ्या. गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या वडील मंडळी सर्रास घेतात. त्या दाब वाढवितात, आणि ‘प्रिल’ वा ‘सार्टन’ व पाण्याची गोळी यांच्या जोडीस आल्या कीं मूत्रपिंड एकाएकीं बंद पाडण्याइतका घात करूं शकतात. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत नाक मोकळें करणारें जें द्रव्य असतें, तेंही दाब चढवितें. अशीं औषधें परस्पर आणूं नयेत.

उठणें, मोजणें व चुकलेली गोळी

गोळी घेणाऱ्या वृद्धानें पहांटे झटकन उठूं नये. आधीं कुशीवर वळावें, मग पाय खालीं सोडून मिनिट-दोन मिनिटें बसावें, मग आधार धरून उभें राहावें. प्रोस्टेटच्या विकारावर पुरुषांस देण्यांत येणाऱ्या कांहीं गोळ्यांनींही उभें राहतांच दाब उतरतो. दोन्ही प्रकार चालूं असल्यास दुप्पट जपावें. उभें राहिल्यावर तीन मिनिटांच्या आंत वरचा आंकडा २० नें किंवा खालचा १० नें उतरत असेल, तर तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. रात्रीं जिन्यापाशीं व न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा. हा खर्च मोडलेल्या हाडापेक्षां स्वस्त पडतो.

दाब घरीं मोजावयाचा तर आधीं पांच मिनिटें पाठ टेकून शांत बसावें. चहा, तंबाखू अर्धा तास आधीं वर्ज्य. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. मोजतांना बोलूं नये. दोनदां मोजून दोन्ही आंकडे वहींत टिपावे. एकदांचा आंकडा जरा चढलेला दिसला म्हणून घाबरून जादा गोळी घेऊं नये. पूर्वीं निफेडिपिनची कुपी फोडून जिभेखालीं पिळण्याची चाल होती. तिनें दाब एकाएकीं कोसळून पक्षाघात व हृदयविकाराचे झटके आल्याचीं उदाहरणें घडल्यावर १९९० नंतरच्या दशकांत ती चाल वैद्यकानें टाकली. मात्र दाब फार चढलेला असून त्याजबरोबर छातींत दुखणें, धाप, वाचा अडखळणें, अंगाचा एक भाग लुळा पडणें यांपैकीं कांहीं असेल, तर क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालयांत जावें.

सकाळची गोळी राहिली व दुपारीं आठवली तर दुपारीं घ्यावी. पण दुसऱ्या दिवशीं आठवली तर दोन गोळ्या एकदम घेऊं नयेत. शेजारच्या काकूंस जी गोळी मानवली ती आपणांस मानवेलच असें नाहीं, म्हणून गोळ्यांची देवघेव वाण देण्यासारखी करूं नये. आणि त्रास झाला म्हणून गोळी गुपचूप बंद करणें हा तर सर्वांत मोठा अपराध. त्रास बहुधा बदलून घेतां येतो; अर्धांगवायु बदलून घेतां येत नाहीं.

समारोप

मनगट बांधून झाल्यावर इस्पितळांतील एका तरुण डॉक्टरबाईंनीं माईंना एकच प्रश्न विचारला: “आजी, दिवसभरांत पोटांत काय काय जातें, तें सगळें सांगा. औषध वाटत नसेल तेंही सांगा.” तेव्हां कुठें काढा बाहेर आला. पहिली गोळी बदलली, काढा थांबला, रक्ततपासणी होऊन पाण्याची गोळीही पुढें काढण्यांत आली. तीन आठवड्यांत खोकला गेला. सूनबाईंच्या डोळ्यांस पाणी आलें, तेव्हां माईच म्हणाल्या, “अगं, तूं काढा दिलास तो प्रेमानें, मीही प्यालें ती प्रेमानेंच. विचारायचं राहिलं, एवढंच.”

आमच्या नाशकांत १९९८ सालीं स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेंत आधुनिक वैद्यक व आयुर्वेद या दोहोंचीं महाविद्यालयें नांदतात. घरांतही दोन्ही शास्त्रें नांदावयास हरकत नाहीं. पण त्यांनीं एकमेकांपासून लपून नांदूं नये. वैद्यांस गोळी सांगावी, डॉक्टरांस काढा सांगावा. त्या वाड्यांत आतां देवघराशेजारच्या फडताळाच्या दाराला आंतून एक कागद चिकटविला आहे. माईंची प्रत्येक गोळी, तिची जात, वेळ, ती कशासाठीं, तिच्याबरोबर काय वर्ज्य, आणि शेवटची रक्ततपासणी केव्हां झाली, इतकें त्यावर नातवानें मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलें आहे. दांत काढावयास जातांना असो कीं शस्त्रक्रियेस जातांना असो, तो कागद बरोबर जातो. आमच्या वाचकांनीं हा लेख वाचून इतर कांहीं केलें नाहीं तरी आज सायंकाळीं दिवेलागण झाल्यावर असा एक कागद लिहावा, एवढीच आमची विनंति आहे.